रअशा, दर्द आणि शिफा

आपल्या घरांतल्या वृद्ध माणसांच्या बोलण्यात आजारांची काही जुनी नावे अजून टिकून आहेत. हात थरथरू लागला की ‘रअशा’, अर्धे अंग लुळे पडले की ‘फालिज’, तोंड वाकडे झाले की ‘लकवा’, कंबरेपासून पायापर्यंत कळ गेली की ‘अर्कुन्निसा’, सांधे धरले की ‘वजउल मफासिल’. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. सातवी-आठवीच्या मुलांना या शब्दांचे हिज्जे येत नसले तरी अर्थ माहीत असतो, कारण त्यांच्या दादी-नानीच्या तोंडून त्यांनी ते ऐकलेले असतात. हे शब्द युनानी तिब्बच्या ग्रंथांतून आपल्या स्वयंपाकघरापर्यंत आले. त्यांच्याबरोबर एक प्रश्नही आला आणि तो हजार वर्षांत बदललेला नाही. रुग्णाला दवाखान्यात नेले की घरची मंडळी डॉक्टरला पहिल्यांदा तेच विचारतात : “पूरा अच्छा होगा ना?”

ताप, जखम, मोडलेले हाड यांच्या बाबतीत हा प्रश्न योग्य आहे. पण रअशा आणि वर्षानुवर्षे न जाणारे दुखणे या दोन आजारांच्या बाबतीत त्याचे खरे उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असेच असते. ते ऐकले की घर खचते. काही जण गावोगावच्या वैद्य-हकिमांकडे, गंडे-ताविजांकडे धाव घेतात. काही जण तकदीर म्हणून रुग्णाला खाटेवर बसवून ठेवतात. या दोन आजारांच्या उपचारांचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो. आजार समूळ जात नसेल, तरी रुग्णाच्या आयुष्यात खूप काही सुधारता येते, आणि हे ‘खूप काही’ नेमके काय हे शिकायला वैद्यकाला फार वेळ लागला. त्या शिकण्याची ही हकिकत आहे.

इब्न सीनाचे दोन धडे

इब्न सीना (९८०–१०३७) याचा ‘अल-कानून फित्तिब’ हा ग्रंथ पाच भागांत आहे. तिसऱ्या भागात डोक्यापासून पायापर्यंतच्या आजारांचे वर्णन आहे आणि मज्जातंतूंच्या विकारांमध्ये रअशाचाही समावेश आहे. या विषयावर लिहिणारा तो पहिला नव्हता. ग्रीक वैद्य जालिनूस, म्हणजे गॅलेन, याने कंपावर स्वतंत्र लेखन केले होते. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक या ख्रिस्ती विद्वानाने आणि त्याच्या साथीदारांनी जालिनूसचे ग्रंथ सिरियाक व अरबी भाषांत आणले. आपल्याकडे आयुर्वेदात ‘कंपवात’ हा शब्द होताच. म्हणजे थरथरणारा हात सर्व संस्कृतींनी पाहिला होता.

मला इब्न सीनाच्या ग्रंथातील दोन गोष्टी विशेष वाटतात. पहिली दर्दविषयी. त्याने वेदनेचे पंधरा प्रकार मोजले : टोचणारी, दाबणारी, ताणणारी, फोडणारी, ठणकणारी, जडावणारी, बधिर करणारी वगैरे. रुग्ण आपले दुखणे कोणत्या शब्दांत सांगतो, हा वैद्याच्या दृष्टीने पुरावा आहे, असे त्यात गृहीत आहे. दुसरी गोष्ट व्यायामाविषयी. आरोग्य राखण्याच्या प्रकरणात त्याने ‘रियाजत’ला, म्हणजे व्यायामाला, पहिले स्थान दिले आणि आहार व झोप त्यानंतर ठेवली. अशक्त माणसांसाठी त्याने सौम्य व्यायामही सांगितले. झोपाळ्यावर झुलणे आणि नावेतून फिरणे हेही त्याच्या यादीत आहे. ज्याला चालवत नाही त्याच्याही शरीराला हालचाल मिळाली पाहिजे, हा विचार त्यामागे आहे.

ऐकून घेणे आणि हलते ठेवणे, हे ते दोन धडे. पुढच्या कित्येक शतकांत दोन्ही मागे पडले आणि विसाव्या शतकात ते वेगळ्या वाटेने पुन्हा हाती आले.

लंडनचा एक डॉक्टर आणि पॅरिसची खुर्ची

१८१७ साली लंडनच्या हॉक्सटन भागातील जेम्स पार्किन्सन या डॉक्टरने ‘शेकिंग पाल्सी’वर, म्हणजे कंपयुक्त लकव्यावर, एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. त्यात अवघ्या सहा रुग्णांची हकिकत होती आणि त्यांतले काही तर त्याने रस्त्यात येता-जाता पाहिलेले होते. तरीही त्याचे निरीक्षण विलक्षण होते. हात काही काम करत नसताना थरथरतो, शरीर पुढे झुकते, पावले छोटी होत जातात आणि चालता चालता माणूस धावू लागतो, असे त्याने टिपले. त्याआधी हे वेगवेगळे आजार मानले जात असत. पार्किन्सनने ते एका धाग्यात ओवले. उपचार म्हणून मात्र त्याच्याकडे मानेजवळून रक्त काढणे आणि फोड आणणे यापलीकडे काही नव्हते. या आजाराची वाढ थांबवणारा उपाय लवकरच सापडेल, अशी आशा त्याने व्यक्त केली होती. दोनशेहून अधिक वर्षे उलटली. वाढ थांबवते असे सिद्ध झालेले औषध अजून मिळालेले नाही.

या आजाराला पार्किन्सनचे नाव मिळाले ते पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील शार्को या डॉक्टरमुळे. सर्व रुग्णांना कंप असतोच असे नाही आणि स्नायूंचा ताठरपणा व हालचालींची मंदी याच खऱ्या खुणा आहेत, हे शार्कोने दाखवून दिले. म्हणूनच ‘रअशा’ हा शब्द या आजाराला पुरता पडत नाही. हात न थरथरणारा माणूसही पार्किन्सनचा रुग्ण असू शकतो, आणि हात थरथरणारा प्रत्येक माणूस पार्किन्सनचा रुग्ण नसतो. आपल्या घरांत ही चूक फार होते. अब्बांचा चेहरा भावशून्य झाला, आवाज बारीक झाला, अक्षर बारीक झाले, शर्टाची बटणे लावायला वेळ लागू लागला, तर सगळे ‘वय झाले’ म्हणून सोडून देतात.

शार्कोच्या रुग्णालयात १८६८ च्या सुमारास बेलाडोना वर्गातील वनस्पतींचे अर्क कंपावर दिले जात. युनानी दवाखान्यात मिळणाऱ्या खुरासानी अजवायनमध्येही याच जातीचे द्रव्य असते. त्याचा थोडा उपयोग होई, पण तोंड कोरडे पडणे, भ्रम होणे असे त्रासही होत.

याच शार्कोची आणखी एक गोष्ट उपचारांचा परिणाम कसा मोजावा हे शिकवते. आगगाडीचा किंवा घोडागाडीचा लांबचा प्रवास करून आलेले रुग्ण म्हणत की, आज बरे वाटते. शार्कोने त्यावरून हादरे देणारी खुर्ची बनवून घेतली. रुग्णांना त्यात बसवले की हलके वाटे. पुढे २०१२ साली शिकागोच्या संशोधकांनी हा प्रयोग नीट करून पाहिला. काही रुग्णांना हादरणाऱ्या खुर्चीत बसवले आणि काहींना न हादरणाऱ्या आरामखुर्चीत. दोन्ही गटांना सारखेच बरे वाटले. रुग्णाला बरे वाटले ही गोष्ट खरीच होती, पण त्याचे श्रेय हादऱ्यांना देता आले नाही. एखाद्या तेलाने, लेपाने किंवा यंत्राने ‘हजारो रुग्ण बरे झाले’ अशा जाहिराती आपल्याकडच्या भिंतींवर दिसतात, तेव्हा ही खुर्ची आठवावी. दुसऱ्या गटाशी तुलना केल्याशिवाय उपायाचा गुण ठरत नाही.

दिल्लीची सर्पगंधा, मुंबईचे डॉक्टर

आता या इतिहासात आपल्या देशाचा भाग येतो आणि तो फार थोड्यांना माहीत आहे.

हकीम अजमल खान यांना आपण स्वातंत्र्यलढ्यातले पुढारी म्हणून ओळखतो. दिल्लीचे तिब्बिया कॉलेज त्यांनी उभे केले. १९२१ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. युनानी औषधांची तपासणी आधुनिक रसायनशास्त्राने व्हावी, असा त्यांचा आग्रह होता. जर्मनीत रसायनशास्त्र शिकलेले सलीमुज्जमाँ सिद्दीकी यांना त्यांनी या कामासाठी प्रोत्साहन दिले. १९२७ च्या डिसेंबरात हकीम साहेबांचे निधन झाले, पण सिद्दीकींनी काम सुरू ठेवले. सर्पगंधा या वनस्पतीच्या मुळातून त्यांनी १९३१ साली काही द्रव्ये वेगळी केली आणि त्यांतील एकाला आपल्या आश्रयदात्याच्या नावावरून ‘अजमलीन’ असे नाव दिले. हृदयाच्या ठोक्यांच्या विकारात ते द्रव्य पुढे उपयोगी पडले. त्याच वर्षी कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर सर्पगंधेचा उपयोग होतो असे लिहिले.

१९४९ साली मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरील सर्पगंधेचे अनुभव ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात छापले. पाश्चात्त्य डॉक्टरांचे लक्ष तेव्हा खऱ्या अर्थाने या मुळाकडे गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी त्यातून ‘रिसर्पिन’ हे मुख्य द्रव्य वेगळे केले. रक्तदाबावर आणि मानसिक आजारांवर ते जगभर दिले जाऊ लागले.

तेव्हा एक विचित्र गोष्ट दिसली. रिसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांच्या हालचाली मंदावू लागल्या, हात थरथरू लागले आणि चेहरा ताठ दिसू लागला. पार्किन्सनच्या आजाराची ही हुबेहूब नक्कल होती. म्हणजे हे औषध मेंदूतून असे काहीतरी काढून घेत होते, जे त्या आजारातही कमी होत असावे. १९५७ साली स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी सशांना रिसर्पिन दिले. ससे निपचित पडले. मग त्यांना ‘डोपा’ हे द्रव्य टोचले आणि थोड्याच वेळात ते पुन्हा हिंडूफिरू लागले. शरीरात डोपापासून ‘डोपामिन’ तयार होते आणि हेच द्रव्य हालचालीसाठी लागते, हा धागा त्यातून हाती आला. १९६० साली व्हिएन्नाच्या होर्निकिविच यांनी मृत रुग्णांचे मेंदू तपासून पार्किन्सनच्या आजारात डोपामिन फार कमी झालेले असते हे दाखवले. पुढच्या वर्षी त्यांनी बिर्कमायर यांच्यासह रुग्णांना लेवोडोपा टोचले. ज्यांना अंथरुणावर उठून बसता येत नव्हते ते उठले, चालले. परिणाम मात्र काही तासच टिकला. १९६७ साली न्यू यॉर्क राज्यात काम करणारे जॉर्ज कोट्झियस यांनी अगदी कमी मात्रेपासून सुरुवात करून ती हळूहळू वाढवत नेली, आणि रोज तोंडाने घेता येणारा उपचार तयार झाला. आजही या आजारावरचे सर्वांत परिणामकारक औषध लेवोडोपा हेच आहे. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

या साखळीत एक मुसलमान हकीम, एक मुसलमान रसायनशास्त्रज्ञ, बंगालचे दोन हिंदू वैद्यकतज्ज्ञ, मुंबईचा पारशी डॉक्टर आणि युरोपातले ख्रिस्ती संशोधक आहेत. सिद्दीकींच्या हाती रिसर्पिन लागले नाही, आणि रिसर्पिन हा काही रअशावरचा इलाज नव्हे. उलट त्याने रअशासारखी लक्षणे निर्माण केली. त्यामुळे ‘हे सर्व आमच्याकडे आधीच होते’ असे म्हणणे खोटे ठरेल. पण तिब्बिया कॉलेजात जुन्या मुळीला नव्या काचपात्रात घालण्याचे धाडस झाले आणि ती वाट पुढे डोपामिनपर्यंत पोहोचली, एवढे म्हणायला इतिहासाचा आधार आहे.

खाजकुइलीची गोष्टही येथे सांगितली पाहिजे. उर्दूत तिला कौंच म्हणतात. तिच्या बियांमध्ये लेवोडोपा असते हे १९३७ साली दामोदरन आणि रामस्वामी या मद्रासच्या संशोधकांनी दाखवले होते. २००४ साली लंडनमध्ये आठ रुग्णांवर झालेल्या प्रयोगात या बियांच्या चूर्णाचा गुण नेहमीच्या गोळीपेक्षाही लवकर दिसला. पण बाजारातल्या पुडीत लेवोडोपा किती हे कोणी मोजलेले नसते. डॉक्टरची गोळी चालू असताना तिच्यावर ही पुडी चढवली, तर मात्रा दुप्पट होऊ शकते. म्हणून ‘वनस्पती आहे, अपाय करणार नाही’ हा समज मनातून काढून टाकावा. औषधाचा गुण देणारी वनस्पती औषधाचा अपायही देऊ शकते.

चमत्कारानंतरची सकाळ

लेवोडोपाने सुरुवातीला चमत्कार वाटावा असे काम केले. १९६९ साली न्यू यॉर्कच्या एका रुग्णालयात ऑलिव्हर सॅक्स या डॉक्टरने ते मेंदूज्वरानंतर दशकानुदशके थिजून राहिलेल्या रुग्णांना दिले. मूर्तीसारखे बसलेले लोक बोलू-चालू लागले. काही महिन्यांतच अडचणी सुरू झाल्या : अनावर हालचाली, भ्रम, पुन्हा थिजणे. इतर सामान्य रुग्णांमध्येही काही वर्षांनी असे दिसू लागले की, गोळीचा गुण पूर्वीसारखा टिकत नाही. गोळी घेतल्यावर तासाभराने माणूस ठीक चालतो आणि पुढच्या गोळीची वेळ जवळ आली की दारातच खिळून राहतो.

डॉक्टरांना तेव्हा ‘आजार गेला का’ हा प्रश्न बाजूला ठेवावा लागला. १९६७ सालीच होएन आणि यार या दोन डॉक्टरांनी आजाराचे पाच टप्पे ठरवून दिले होते. १९९५ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी रुग्णानेच भरावयाची ३९ प्रश्नांची पत्रिका तयार केली. बाजारात जाणे, कपडे घालणे, जेवणाचा घास कापणे, लोकांसमोर लाज वाटणे, एकटे पडणे अशा गोष्टी त्या पत्रिकेत विचारल्या जातात. आमच्या शिक्षणशास्त्रात मूल्यमापन बदलले की अध्यापन बदलते असे शिकवतात. वैद्यकातही तसेच झाले. रुग्णाची लाज आणि एकटेपणा मोजला जाऊ लागला, तेव्हा त्यांवर उपायही शोधले जाऊ लागले.

१९८७ साली फ्रान्सच्या ग्रेनोबल शहरात बेनाबिद यांनी मेंदूत तार बसवून सूक्ष्म विद्युतलहरी देण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. २००६ साली १५६ रुग्णांवरील जर्मन अभ्यासात, निव्वळ औषध घेणाऱ्यांपेक्षा शस्त्रक्रिया झालेल्यांचे जीवनमान सहा महिन्यांनी अधिक सुधारलेले आढळले. त्यातही शस्त्रक्रियेचे गंभीर धोके नोंदवले गेले आणि हा उपाय सर्वांसाठी नाही हेही स्पष्ट झाले. ही शस्त्रक्रिया आज भारतातही होते. तिनेही आजाराची वाढ थांबत नाही. माणसाला चांगले तास अधिक मिळतात.

खाटेचा इतिहास

दर्दची कहाणी समांतर चालली. १८६३ साली इंग्लंडचे सर्जन जॉन हिल्टन यांची ‘विश्रांती आणि वेदना’ या विषयावरची व्याख्याने ग्रंथरूपाने आली आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या डॉक्टरांनी ती वाचली. सुजलेल्या सांध्याला, जखमी भागाला विश्रांती द्यावी हे त्यांचे म्हणणे योग्यच होते. पुढे मात्र त्याचा विस्तार होत होत साधी कंबर दुखली तरी दोन-तीन आठवडे खाटेवर पडून राहा, असा सल्ला सर्रास दिला जाऊ लागला. आपल्याकडेही ‘फळीवर झोपा’ हे वाक्य कोणी ऐकले नसेल?

या सल्ल्याची परीक्षा फार उशिरा झाली. १९८६ साली अमेरिकेत डेयो यांनी कंबरदुखीच्या २०३ रुग्णांपैकी काहींना दोन दिवस आणि काहींना सात दिवस झोपून राहायला सांगितले. दुखण्यात फरक पडला नाही, पण दोन दिवसवाल्यांचे कामाचे दिवस ४५ टक्क्यांनी कमी बुडाले. १९९५ साली हेलसिंकी शहराच्या कर्मचाऱ्यांवर असाच अभ्यास झाला. झोपून राहणारे, खास व्यायाम करणारे आणि जमेल तेवढे रोजचे काम करत राहणारे असे तीन गट होते. तिसरा गट सर्वांत लवकर सावरला. शतकभराचा सल्ला असा बाजूला पडला.

दीर्घकालीन वेदनेबद्दलही समज बदलत गेली. १९५३ साली जॉन बोनिका या डॉक्टरने वेदनेच्या उपचारांवर मोठा ग्रंथ लिहिला. लढाईत जखमी झालेल्यांवर उपचार करणारे बोनिका स्वतः कुस्तीगीर होते आणि त्यांच्या अंगातही कुस्तीची दुखणी मुरलेली होती. १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल यांनी मांडले की, वेदनेचा संदेश मेंदूपर्यंत जाताना पाठीच्या कण्यात एखाद्या दारासारखी रचना असते, जी कमीअधिक उघडते आणि मिटते. भीती, चिंता, लक्ष यांचाही तिच्यावर परिणाम होतो. १९७५ साली मेल्झॅक यांनी वेदनेचे वर्णन करणारे ७८ शब्द वीस गटांत मांडून एक प्रश्नावली बनवली. इब्न सीनाच्या पंधरा शब्दांचीच ही वाढलेली यादी आहे, असे भाषेच्या शिक्षिकेला वाटल्यावाचून राहत नाही.

अमेरिकेतील सिअॅटलचे विल्बर्ट फोर्डाइस यांनी एक साधी पण महत्त्वाची गोष्ट दाखवली. दुखू लागल्यावर थांबणारा माणूस रोज थोडे लवकर थांबतो आणि त्याचे आयुष्य आक्रसत जाते. म्हणून आधीच ठरवावे : आज दहा मिनिटे चालायचे. दहा मिनिटे झाली की बसायचे, दुखत असो वा नसो. पुढच्या आठवड्यात बारा मिनिटे. विश्रांती ठरलेले काम पूर्ण केल्याची मिळावी, दुखण्याची नव्हे. अशा उपचारांनी दुखणे पूर्ण जाईलच असे नाही, पण माणूस पुन्हा बाजारात जातो, नातवाला उचलतो, नोकरीवर परततो. अर्थात पाठदुखीसोबत ताप, वजन घटणे, पायातली ताकद जाणे किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटणे असे काही असेल, तर आधी डॉक्टरकडेच धावले पाहिजे.

‘पुनर्वसन’ म्हणजे काय?

मराठीत पुनर्वसन म्हटले की आपल्याला धरणग्रस्त आठवतात. पण आजारी माणूसही एका अर्थाने विस्थापितच असतो. आपल्याच घरात राहून तो आपल्या कामातून, आपल्या जागेवरून उठवला गेलेला असतो. त्याला त्या जागी परत आणण्याची विद्या म्हणजे वैद्यकातले पुनर्वसन. हाजी अलीच्या दर्ग्याला आपल्यापैकी बहुतेक जण गेले असतील. त्याच परिसरात १९५५ साली स्थापन झालेली, या विद्येला वाहिलेली केंद्र सरकारची ‘ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन’ ही संस्था आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? पार्किन्सनच्या रुग्णांसाठी काम करणारी ‘पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी’ही मुंबईत २००१ साली सुरू झाली.

या विद्येतील उपाय किती साधे असतात पाहा. पार्किन्सनचा रुग्ण चालता चालता थिजतो, पाऊल उचलत नाही. १९६७ साली पर्डन मार्टिन या इंग्लिश डॉक्टरने लिहून ठेवले की, जमिनीवर आडव्या रेघा असतील तर असा माणूस त्या ओलांडत चालू शकतो. बोळात रंगीत चिकटपट्टीच्या चार आडव्या रेघा मारायला खर्च किती येतो? कोणी ‘एक-दो, एक-दो’ असा ठेका धरला तरी काहींचे पाऊल उचलते. २०१२ साली अमेरिकेतील ऑरेगन राज्यात १९५ रुग्णांवर अभ्यास झाला. आठवड्यातून दोनदा, चोवीस आठवडे ताई ची हा संथ चिनी व्यायाम करणाऱ्यांचा तोल सुधारला आणि नुसते ताणाचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ते कमी वेळा पडले. म्हाताऱ्या माणसाच्या खुब्याचे हाड एका पडण्याने मोडते आणि घराची घडी विस्कटते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या निष्कर्षाची किंमत समजेल.

आपल्या घरांत

आपल्या समाजात वडीलधाऱ्यांची खिदमत हे मोठे पुण्य मानले जाते आणि ते योग्यच आहे. पण याच प्रेमापोटी आपण काय करतो? दादीच्या हातातला पेला घेतो, बटणे आपण लावतो, पाणी खाटेपाशी आणून देतो, ‘आप बैठो, हम करते’ म्हणतो. दोन वर्षांत दादीला खरोखरच काही करता येत नाही. वेळ लागला तरी पेला तिला उचलू देणे ही अधिक कठीण खिदमत आहे. स्त्रियांच्या बाबतीत याच्या उलटही घडते. गुडघे-कंबर धरलेली आई सगळे काम करत राहते, तिच्या दुखण्याला ‘बायकांचे रडगाणे’ म्हटले जाते आणि तिला दवाखान्यात नेण्याची पाळी सर्वांत शेवटी येते. एकाला हालचालच करू द्यायची नाही आणि दुसरीचे ऐकायचेच नाही, असा हा प्रकार. इब्न सीनाचे दोन्ही धडे आपण उलटे गिरवतो.

रमजानबद्दलही बोलले पाहिजे. लेवोडोपाचा परिणाम काही तासच टिकतो. रोज्यासाठी दिवसाच्या गोळ्या चुकवल्या तर माणूस ताठतो, पडतो. औषध एकदम बंद केल्यास तीव्र ताप आणि ताठरपणा येऊन जिवावरही बेतू शकते. आजारी माणसाला रोज्यातून सवलत आहे हे मदरशातले लहान मूलही जाणते. नमाज उभ्याने जमत नसेल तर बसून, तेही नसेल तर पडून, हीही मुभा आहे. जेवढे जमेल तेवढे करावे, पण करावे, हा जो त्यातला विचार आहे, तोच पुनर्वसनाच्या विद्येचा पाया आहे. म्हणून रमजानच्या आधी डॉक्टरशी बोलावे. वेळापत्रक बदलता येते का, रोजे झेपतील का, हे त्याने ठरवावे. मोहल्ल्यातल्या सल्लागारांनी ठरवू नये.

मुष्टियोद्धा मुहम्मद अली यांना १९८४ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, या आजाराचे निदान झाले. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये त्यांनी ज्योत पेटवली तेव्हा त्यांचा हात थरथरत होता आणि जगाने तो पाहिला. निदानानंतर ते बत्तीस वर्षे जगले, २०१६ साली वारले. आजार गेला नव्हता. ते मात्र घरात दडून बसले नाहीत, आणि घरच्यांनीही त्यांना दडवले नाही.

शिफा देणे माणसाच्या हाती नाही, असे आपण मानतो. पण गोळी वेळेवर देणे, बोळात रेघा मारणे, दहा मिनिटे सोबत चालणे आणि आईला ‘कुठे दुखते, कसे दुखते’ हे विचारून उत्तर संपेपर्यंत ऐकणे माणसाच्या हाती आहे. म्हणून डॉक्टरसमोर बसल्यावर ‘पूरा अच्छा होगा ना?’ याच्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारायला शिकू या : “ये अब क्या-क्या कर सकते, और उसके लिए हम क्या करें?” त्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा ‘बरेच काही’ असे असते.